पंपाची (इन्हेलरची) सवय लागते का?
‘एकदा पंप लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी आणि स्वस्त’ असं कळव्यापासून तुर्भ्यापर्यंत वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चुकीचं आहे. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा विकार) हा आजारच कायमचा, म्हणून औषध रोजचं. (बीपीच्या गोळीला कुणी व्यसन म्हणतं का?) श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट, आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळेच. राहिला पैशाचा प्रश्न. पंपाचे पैसे एकरकमी जातात म्हणून डोळ्यांत भरतात, पण एका पंपात साधारण २०० फवारे असतात. खिसा खरा रिकामा होतो तो धाप लागून ॲडमिट व्हावं लागलं की. नागरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर एकदा पंप ओढून दाखवा; ओढण्यात काही चूक होत असेल तर ती बहुतेक तिथेच सापडते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची.