काचेवरचा चांदीचा वर्ख

एखाद्या नव्या ऑफिसात दुपदरी काचेची खिडकी दिसली, तर अंधार पडल्यावर आतून तिच्यासमोर लायटर पेटवून धरा. (पडदा आधी नीट बाजूला सारा!) काचेत एका ज्योतीच्या चार ज्योती दिसतील. दोन काचांच्या बाजू चार, म्हणून चार. त्यांतल्या एकीचा रंग वेगळा दिसला, तर त्या बाजूवर चांदी आहे असं समजा.

हो, चांदीच. पेढ्यावरच्या वर्खाहून कितीतरी पातळ, १० ते १५ नॅनोमीटरचा थर. १२ नॅनोमीटर धरले तर चौरस मीटरभर काचेला जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम चांदी पुरते. मोठ्या निर्वात कक्षात चांदीचे अणू उडवून हा थर काचेवर बसवतात. खालीवर धातूंच्या ऑक्साइडांचे थर असतात, नाहीतर काचेचा आरसाच व्हायचा.

एवढा खटाटोप कशाला? उन्हातल्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी अवरक्त किरणांची. ती डोळ्यांना दिसत नाही, खोली मात्र तापवते. चांदी उजेड आत सोडते आणि या किरणांतला बराच भाग परतवते. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. साधी काच तापली की जवळजवळ काजळी लावलेल्या तव्यासारखी उष्णता फेकते. तिची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता फेकण्याची क्षमता, १ पैकी ०.८४ असते, चांदीच्या थराची ०.०५च्याही खाली येते. म्हणजे बाहेरची काच उन्हानं तापली तरी आतल्या काचेकडे फारच थोडी धग जाते. म्हणूनच आपल्याकडे हा थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. लायटर घेऊन आतून मोजाल तर तिसरी ज्योत वेगळी दिसली पाहिजे. थंड देशांत बहुधा आतल्या काचेच्या, दोन काचांमधल्या पोकळीकडच्या बाजूला थर देतात, घरातली ऊब घरातच राहावी म्हणून. खिडकी उलटी बसवली गेली तर दिसायला काहीच फरक नाही, पण खोली जास्त तापते.

नुसती काळी काच लावणं मला फसवं वाटतं. ती ऊन पिते, स्वतः तापते, त्यातली थोडी धग आत सोडते, आणि वर भर दुपारी दिवे लावायला लावते.

चांदीचं दुखणं पैंजण घालणाऱ्यांना ठाऊक आहे: ती काळी पडते. म्हणून थर दोन काचांमधल्या बंद पोकळीत ठेवतात, आणि हवा कडेनं शिरून तो खराब होऊ नये म्हणून कडेची पट्टी आधीच खरवडून काढतात. मोबाइलची रेंजही हा थर अडवतो, ही तक्रार खरी आहे.

जुन्या काचा फेकाव्याच लागतात असं नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २०१०च्या सुमारास ६,५१४ खिडक्या काढून, इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर मांडलेल्या कारखान्यात त्यांच्या दोन काचांमध्ये लेप दिलेली फिल्म ताणून बसवली.

पण उजेड हीसुद्धा ऊर्जाच आहे. आत आला की भिंती-फरशीवर पडून त्याचीही उष्णता होते. तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला कितीही भारी काच लावा, बाहेरून आडोसा लागतोच.