परदेशी निघण्यापूर्वी : पासपोर्ट, पिशवी आणि पार्सल

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या कुडाळच्या ऑफिसातून तिकीट काढणाऱ्यांत तीन प्रकारची माणसे जास्त. कोणी आखातात नोकरीला निघालेले, कोणी तिथल्या मुलाकडे-लेकीकडे महिनाभर राहायला, तर कोणी गटाने दुबई, सिंगापूर, थायलंड बघायला. तिकिटाचे आणि व्हिसाचे आम्ही बघतो. पण माणूस विमानतळावर अडतो तो बहुतेक वेळा घरी भरलेल्या बॅगेमुळे, नाहीतर कागदावरच्या नावामुळे. आणि तेव्हा आम्ही सोबत नसतो.

पासपोर्ट आधी काढून बघा

कपाटातला पासपोर्ट उघडून मुदत बघा. तिकडे पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी ती शिल्लक हवी. दोन पाने कोरी हवीत. मग नाव बघा, कारण खरा घोळ तिथेच असतो. घरातल्या वयस्कर बायकांच्या पासपोर्टवर कधी कधी नुसते पहिले नाव असते आणि आडनावाची जागा रिकामी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून असे एकेरी नाव व्हिजिट व्हिसासाठी बंद केले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालते. आपल्याकडे आधारवर गावावरून पडलेले आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर भलतेच, असेही असते. तिकीट मात्र पासपोर्टवर आहे त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने निघणार. लग्नानंतर नाव बदलले असेल तर तिकिटाआधी सांगा, नंतर नको.

बॅगेत काय नको

सगळ्यात आधी खसखस. ती अफूच्या बोंडातली, त्यामुळे दुबई-अबुधाबीत, सौदीत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते. पुडी नेऊ नकाच. पण घरच्या मालवणी मसाल्यात खसखस पडलेली असते, करंजीच्या सारणात असते, अनारशांवर तर वरूनच दिसते. मुलासाठी मसाला दळून न्यायचा तर खसखशीविना दळा. चवीत उन्नीस-बीस होईल, मुलगा काही बोलणार नाही.

विड्याची पाने आणि पानाचे सामान दुबईच्या कस्टमला चालत नाही. सिंगापुरात च्युइंगगम नेता येत नाही, आणि ई-सिगारेट सिंगापूर, थायलंड दोन्हीकडे बंद. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर बाहेर काढायला लावतात, कारण तेलामुळे खोबरे पेट घेणाऱ्या मालात मोडते. कोकमाचे आगळ, लोणचे, तूप मोठ्या बॅगेत, डबल पिशवीत बांधून; हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर पातळ काही जात नाही. पॉवर बँक नेमकी उलट : ती हातातल्याच बॅगेत. अमेरिकेला जाणाऱ्यांनी हापूसची पेटी घरीच ठेवावी, प्रवाशाच्या सामानातून ताजा आंबा तिथे आत घेत नाहीत. ऑस्ट्रेलियाला सुके मासे किंवा फराळ नेलात तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचे सामान आहे असे लिहा. लिहिलेले सामान फार तर काढून घेतील. न लिहिता सापडले तर दंड होतो.

आता पार्सल. कोणी परदेशी जाणार हे कळले की शेजारपाजारहून पुड्या यायला लागतात. ‘माझ्या झिलाक एवढा दी’ (माझ्या मुलाला एवढे दे) म्हणणाऱ्या काकीला नाही म्हणणे किती अवघड आहे ते आम्हाला ठाऊक आहे. तरी बॅगेला टॅग तुमच्या नावाचा लागतो आणि आत काय आहे याचा जबाब तुम्हालाच द्यावा लागतो. द्यायचेच असेल तर वस्तू उघडी आणायला सांगा, तुमच्या डोळ्यांसमोर पॅक होऊ दे. शिवलेली पिशवी, टेप मारलेला डबा घेऊ नका. परत येताना ‘ही सोन्याची चेन तेवढी गळ्यात घालून जा, मुंबईत माणूस घेईल’ असे कोणी म्हणाले, मग तो गाववाला असला तरी, सरळ नाही म्हणा.

औषधे

रोजची बीपी-साखरेची गोळी बहुतेक ठिकाणी अडत नाही. झोपेच्या आणि अस्वस्थपणाच्या गोळ्या (अल्प्राझोलम, डायझेपाम), ट्रामाडॉल आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांना अमिरातीत आधी ऑनलाइन परवानगी लागते. डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह चिठ्ठी घ्या. गोळ्या त्यांच्या पाकिटातच ठेवा, आणि कागदात बांधलेले वैद्यांचे चूर्ण नेऊ नका. विमा काढताना जुने आजार लपवू नका. लपवलेल्या आजारावरचा खर्च विमा कंपनी देत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोचे वैद्यकीय कवच असलेला विमा सक्तीचाच आहे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांना

आम्ही नोकऱ्या लावून देत नाही, त्यामुळे हे आम्ही मोकळेपणाने सांगू शकतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करू नका. ‘जा तर खरा, तिथे व्हिसा बदलून देतो’ म्हणणारा एजंट पुढे फोन उचलत नाही, आणि अमिरातीत मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो. परदेशी माणसे पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासता येतो. त्याला सेवेपोटी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. लाखाची गोष्ट निघाली तर उठून या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. त्यांना आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तेव्हाच निघणाऱ्या प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये अधिक कर भरून १० लाखांचे अपघाती कवच मिळते. एवढ्या पैशात दुसरे काही सुचवायला आमच्याकडे नाही.

थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरचे काम, भरपूर पगार, मुलाखत फोनवरच, अशी जाहिरात आली तर फार सावध राहा. अशा नावाखाली नेलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामे करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून जास्त भारतीयांना तिथून परत आणले.

विमानापर्यंत पोहोचणे

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान असेल तर सोपे. मुंबईहून असेल तर पावसाळ्यात आदल्या दिवशी पोहोचा, त्याच पहाटे मुंबईला पोहोचणाऱ्या कोकणकन्या एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले, त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली, आणि दोन्ही वेळा कोकण रेल्वे बंद पडली. विमान कंपनी या कारणाने तिकिटाचे पैसे देत नाही.

तिथे गेल्यावर

पोलिसांचा नंबर अमिरातीत ९९९, युरोपात ११२, अमेरिकेत ९११. दुबईत भारतीयांसाठी ८०० ४६३४२ हा मदतीचा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. घाई असेल तर तिथून भारतात परतण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळतो. पासपोर्टची एक प्रत घरी कोणाकडे तरी असली तर हे काम भराभर होते. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, म्हणून ‘पोहोचलो’ हा मेसेज लिहूनच पाठवा, नाहीतर घरचे आम्हाला फोन करत बसतात.

निघण्याच्या आठवडाभर आधी पासपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि न्यायच्या खाऊची यादी घेऊन ऑफिसात या. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस टाळा. यादी तपासण्याचे आम्ही पैसे घेत नाही.