दिव्यांग विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता

विद्यार्थ्याने वा पालकांनी शिक्षणसंस्थेला विश्वासाने सांगितलेली अपंगत्वाची माहिती गुप्त राखणे आणि तिच्याच आधारे विद्यार्थ्याची काळजी घेणे, असे संस्थेवरील दुहेरी दायित्व. अस्थिव्यंग किंवा अंधत्व लपत नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आजार), हीमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), अध्ययन अक्षमता, मानसिक आजार अशा वरवर न दिसणाऱ्या स्थितींत मात्र तो बिकट होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने अपंगत्वाचे मान्यताप्राप्त प्रकार 7 वरून 21 केले. वरीलपैकी पहिले तीन प्रकार 1995 च्या अधिनियमात नव्हते.

काळजीच्या दायित्वाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पालक आपला अधिकार शिक्षकाकडे सोपवतो, या अठराव्या शतकातील इंग्रजी कल्पनेत काही जण त्याचे मूळ पाहतात. विल्यम्स विरुद्ध ईडी (1893) या खटल्यात आलेला ‘दक्ष पित्या’चा निकष याच परंपरेतला. इतरांच्या मते हे दायित्व अपकृत्य कायद्यातील (दुसऱ्याला झालेल्या हानीच्या भरपाईचा दिवाणी कायदा) निष्काळजीपणाच्या तत्त्वातून येते. भारतापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पठाणकोटजवळील डलहौसी पब्लिक स्कूलचे 14 विद्यार्थी सहलीत बियास नदीत बुडाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये भरपाई कायम केली ती निष्काळजीपणाच्या आधारावर. शिवाय महाविद्यालयातील अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याबाबत पालकाच्या सोपवलेल्या अधिकाराची कल्पना लंगडी पडते.

गोपनीयतेची बाजू तुलनेने अलीकडची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम 22 नुसार आरोग्य व पुनर्वसनविषयक माहिती खासगी राखावयाची आहे. भारताने हा करार 2007 मध्ये अनुसमर्थित केला. परंतु त्या कलमाला समांतर असे स्वतंत्र कलम 2016 च्या अधिनियमात आलेले नाही. ही उणीव 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने (खासगीपणा हा मूलभूत हक्क) आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने अंशतः भरून निघते. कलम 23 चे बंधन आरोग्य व्यावसायिकांवर आहे. शिक्षक त्यात थेट येत नाही. या कलमानुसार जीविताला धोका असल्यास माहिती देता येते, मात्र आवश्यक तेवढीच. ‘आवश्यक तेवढीच’ ही मर्यादा शाळांनीही स्वीकारावी, हे मत सर्वाधिक समर्थनीय दिसते. बालकांवरील लैंगिक अपराधांबाबत पॉक्सो अधिनियम, 2012 च्या कलम 19 नुसार कळवणे बंधनकारक असल्याने तेथे गोपनीयतेचे कारण चालत नाही.

मराठवाड्यातील व्यवहारात ही मर्यादा किनवट-माहूर भागातील सिकलसेलच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पाणी कमी पडणे, अतिश्रम व थंडी यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून क्रीडाशिक्षकाला ‘याला मध्येच पाणी पिऊ द्या, धाप लागली की बसवा, अंग दुखते म्हणाला तर लगेच दवाखान्यात न्या’ एवढे कळणे पुरेसे आहे. रक्ततपासणीचा अहवाल त्याच्या हाती जाण्याचे कारण नाही. आजार आनुवंशिक असल्याने एकाचा अहवाल आई-वडील व भावंडांचीही माहिती उघड करतो. सोयरीक मोडेल ही घरच्यांची भीती त्यामुळे अनाठायी ठरत नाही.

परीक्षेत गोपनीयता टिकवणे अवघड. दहावी-बारावीच्या सवलतीचा अर्ज मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांमार्फत छत्रपती संभाजीनगर वा लातूर विभागीय मंडळाकडे जातो, म्हणजे प्रमाणपत्र अनेक टेबलांवरून फिरते. परीक्षागृहात लेखनिक शेजारी बसला की काही सांगायचे उरत नाही. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतील तासाला किमान 20 मिनिटांचा जादा वेळही इतरांच्या नजरेतून सुटत नाही. लेखनिकासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. आरक्षणासाठी ती अट कायम आहे. दिव्यांगांना मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी कार्ड) रंगही टक्केवारीचा पट्टा दाखवतो: 40 च्या खाली पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा, त्यापुढे निळा. केवळ सवलतीसाठी अशा कार्डाची छायाप्रत वर्गशिक्षकाच्या फायलीत ठेवणे अनावश्यक होय.

लातूरचे शिकवणी वर्ग व वसतिगृहे 2016 च्या अधिनियमाच्या चर्चेत सहसा येत नाहीत. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेले निर्देश मात्र त्यांनाही लागू आहेत. त्यांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संधान बांधावयाचे आहे.