कणीचा भात मोकळा कसा होतो?

कणी म्हणजे पेजेचा, नाहीतर कोंबड्यांना टाकायचा तांदूळ, अशी आपल्याकडे समजूत. सप्टेंबर 2022 मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली, पण पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलसाठी त्याला अपवाद करावा लागला. तिथल्या ‘चेबु जेन’ला कणीच लागते. वोलोफ भाषेत चेब म्हणजे भात आणि जेन म्हणजे मासा. फ्रेंच अमलात इंडोचायनातून कणी येई; पुढे तीच लोकांच्या जिभेवर बसली. 2021 मध्ये युनेस्कोने हा पदार्थ अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

कणीत सत्त्व नसतं, हे काही खरं नाही. दाणा तोच, फक्त मोडलेला. शिजताना मात्र ती वेगळी वागते. अख्ख्या दाण्यातलं स्टार्च पेशींच्या भिंती आणि प्रथिनं यांच्या आत कोंडलेलं असतं. एक दाणा दोनदा मोडला की तीन तुकडे होतात आणि चार चेहरे नव्याने उघडे पडतात. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. पाणी मुबलक असेल तर ते फुटतात, अमायलोज हा स्टार्चचा घटक बाहेर झिरपतो आणि भाताचा गिचका होतो.

सेनेगलच्या बायकांनी यावर काढलेली युक्ती नामी आहे. एक किलो कणी तीन पाण्यांनी धुतात, म्हणजे सुटं पीठ निघून जातं. मग उकळत्या रश्श्यावर भोकांची चाळण बसवून, फट फडक्याने बांधून कणी 15-20 मिनिटं वाफवतात. वाफेवर तापमान पुरेसं, पण पाणी मोजकंच. त्यामुळे पृष्ठभागावरचे कण थोडेच फुगतात, फुटत नाहीत आणि तिथेच घट्ट बसतात. नंतर रश्श्यात पडल्यावर हा थर आतलं अमायलोज बरंचसं धरून ठेवतो. वाफवणं टाळलं की कडा विरघळतात आणि गाभा कच्चा राहतो.

रस्सा असा: हेकरूच्या जातकुळीतल्या थिओफ माशाला चिरा देऊन त्यांत कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली, लसूण, मिरची यांचं वाटण भरतात आणि तो तळून काढतात. त्याच तेलात कांदा आणि 200 ग्रॅम टोमॅटो पेस्ट तेल सुटेपर्यंत परततात. तीन लिटर पाणी, कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), गाजर, कोबी, वांगं, आणि आंबवून सुकवलेला मासा. चिंच शेवटी, कारण आम्लात भाज्यांच्या पेशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि कसावा दडदडीत राहतो. तळलेला मासा या रश्श्यात सोडून 20 मिनिटांत काढायचा, नाहीतर तो भुगा होतो. हल्ली स्टॉकची वडीही पडते. अजिनोमोटोच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या सुक्या माशात आणि टोमॅटोत तेच ग्लुटामेट असतं.

भाज्या काढल्यावर भांड्यात सव्वा लिटरच्या आसपास रस्सा ठेवून बाकीचा बाजूला काढायचा. वाफवलेली कणी टाकली की रस्सा तिच्या जेमतेम वर यावा. मंद आच, घट्ट झाकण, 20-25 मिनिटं, मध्ये एकदाच हलक्या हाताने वरखाली. कोरडा वाटला तर काढलेल्या रश्श्याचा हबका मारायचा.

शेवटी पाणी आटलं की तळाचं तापमान शंभराच्या वर जातं आणि मेयार्ड क्रियेने, म्हणजे साखर आणि प्रथिनं तापून तपकिरी होतात त्या क्रियेने, खरपुडी धरते. तिला ‘खोन्य’ म्हणतात, आणि तिच्यावर लिंबू पिळून ती भाताशेजारी वाढतात. तळातून चर्र ऐकू आलं की आच बंद. टोमॅटोतली साखर पटकन जळते आणि कडवट वास वरच्या भातालाही लागतो.