निधिसंकलन, लहान सेवाभावी संस्थांचे

निधिसंकलन, लहान सेवाभावी संस्थांचे : वसतिगृहे, वाचनालये, वृद्धाश्रम, ग्रामीण दवाखाने यांसारख्या मोजक्या मनुष्यबळाच्या नोंदणीकृत संस्थांनी वर्गणी, देणगी, ठेव, धान्य किंवा अनुदान या रूपांत समाजाकडून साधने मिळवण्याची व्यवस्था. येथे महाराष्ट्रातील वहिवाट आणि भारतातील संबंधित कायदे यांपुरता विचार केला आहे.

पूर्वपीठिका : पुष्कळांकडून थोडे थोडे घ्यायचे, ते ठराविक काळाने घ्यायचे आणि त्याचा हिशेब छापायचा, ही रीत महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेली दिसते. धोंडो केशव कर्वे यांनी १८८० च्या दशकात सुरू केलेला मुरुड फंड हे तिचे एक लवकरचे उदाहरण होय. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरुडकरांनी उत्पन्नाचा लहानसा अंश गावासाठी द्यावा, अशी त्याची धर्तीच होती. या रीतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे पैसाफंड, दरसाल माणशी एक पैसा वर्गणी जमवण्याची मोहीम. त्याचे श्रेय पुष्कळदा लोकमान्य टिळकांना दिले जाते. परंतु कल्पना आणि गावोगावची फिरती अंताजी दामोदर काळे यांची होती व टिळकांनी तिला पाठबळ मिळवून दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आरंभाचे वर्षही निरनिराळे सांगितले जाते. ते १९०० च्या आसपासचे मानणे सुरक्षित ठरेल. त्या निधीतून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला, तो १९०८ मध्ये.

पैसाफंडाचे गणित आजही तपासून पाहण्याजोगे आहे. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होत. दरसाल माणशी एक पैसा या दराने एक कोटी माणसांनी वर्गणी दिली, तरी वर्षाला १,५६,२५० रुपयेच जमतात. एक रुपया जमवायला ६४ जणांपर्यंत पोहोचावे लागते आणि पावतीचा कागद, प्रवास व कार्यकर्त्याचा वेळ यांचा खर्च त्या रुपयातूनच निघायला हवा. म्हणून अशी वर्गणी स्थानिक स्वयंसेवकांवरच टिकते. पगारी वसुली तिला परवडत नाही. मात्र जिथे हजारो घरांनी पैसा दिलेला असतो, तिथे मोठा देणगीदारही विश्वासाने पुढे येतो. छोट्या वर्गणीचे खरे मोल या विश्वासात आहे.

मुष्टिफंडाच्या, म्हणजे घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून ते संस्थेसाठी जमवण्याच्या पद्धतीच्या, उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार तो माधुकरी व मठांची भिक्षा यांतून आला, तर दुसऱ्या मतानुसार स्वदेशीच्या काळातील संघटित चळवळींतून. धान्य घालण्याची सवय जुनी असली, तरी भिक्षा व्यक्तीला मिळते आणि मुष्टिफंड संस्थेच्या वहीत जमा होतो; हा फरक ध्यानात घेता दुसरे मत अधिक पटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना या पद्धतीचा मोठा आधार होता. पणजीतील मुष्टिफंड संस्थेच्या नावात ती आजही टिकून आहे. स्वयंपाकाआधी रोज एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकायचे, एवढाच नेम. मूठभर तांदूळ ४० ते ५० ग्रॅम धरल्यास १०० घरांतून महिन्याला १२० ते १५० किलो धान्य जमते. व्यवहारात अडचणी दोन : ज्वारी, बाजरी, तांदूळ एकत्र होतात आणि उचल लांबली की धान्याला कीड लागते. म्हणून धान्यागणिक वेगळी पिशवी, उचलीचा ठरलेला वार आणि जागेवर वजन करून वहीत नोंद, हे तीन नियम पाळावे लागतात.

करमणुकीतून निधी उभारण्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. मदतीचे प्रयोग आजही होतात. संस्था नाटक कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेते आणि देणगी प्रवेशिका स्वतः विकते. तोटा बहुधा एकाच कारणाने होतो : प्रवेशिकांचे गठ्ठे सभासदांना वाटले जातात, पण न विकलेल्या प्रवेशिका परत घेण्याची तारीख ठरवलेली नसते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी किमान निम्म्या खर्चाइतके पुरस्कर्ते किंवा स्मरणिकेच्या जाहिराती लेखी हाती असाव्यात. जाहिरातीचे पैसे देणगी ठरत नाहीत, ते व्यावसायिक उत्पन्न असते. त्याची पावती व खाते वेगळे ठेवावे लागते.

देणगीदारांची यादी व मागणी : आरंभ अनोळखी कंपन्यांपासून न करता विश्वस्त, माजी विद्यार्थी, लाभार्थींचे नातेवाईक, गावातील दुकानदार व डॉक्टर यांच्यापासून करणे फलदायी ठरते. दीडशे-दोनशे नावांची यादी पुरेशी असते. प्रत्येक नावापुढे ओळखीचा दुवा, मागची देणगी, तिची तारीख व पुढची मागणी लिहावी. विश्वस्तांनी आधी स्वतः रक्कम घालावी. ती किती, हा प्रश्न देणगीदार विचारतोच. मागणी मोघम नसावी. ‘यथाशक्ती मदत करा’ यापेक्षा ‘एका मुलीचा वर्षाचा भोजनखर्च अमुक’ असा आकडा सांगितला की माणसाला निर्णय घेता येतो. मात्र हा आकडा केवळ धान्य-भाजीचा नसावा. स्वयंपाकिणीचा पगार, इंधन, भाडे व हिशेबनिसाचा खर्च त्यात वाटून घातला पाहिजे. तो वगळल्यास योजना जितकी यशस्वी, तितकी संस्थेची तूट वाढते.

काळवेळही महत्त्वाची. शहरात मार्च, दिवाळी व पितृपक्ष, शाळांसाठी जून, ग्रामीण भागात सुगीनंतर आणि ऊसपट्ट्यात उसाचे बिल हाती आल्यावर. एकदा देणगी दिलेला माणूस पुन्हा मिळवणे नवा शोधण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. त्यासाठी पावती आठवड्याच्या आत, सहा महिन्यांनी कामाचे एक पानी पत्र आणि वर्षाने पुन्हा भेट, एवढा क्रम पुरतो. बहुतेक संस्थांत नेमके मधले पत्र राहून जाते, आणि मग संस्था फक्त पैसे मागायलाच येते असा समज होतो.

पावती, हिशेब व कर : महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तालयात होते. उत्सव वा तात्पुरत्या कारणासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांना त्याच अधिनियमाच्या कलम ४१-सी खाली परवानगी घ्यावी लागते.

पावतीपुस्तकांवर छापील सलग क्रमांक हवेत. कोणते पुस्तक कोणाकडे, केव्हा दिले, केव्हा परत आले, याची नोंदवही खजिनदाराकडे असावी. रद्द पावती फाडून टाकू नये, दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवाव्यात. जमलेली रोख परस्पर खर्च न करता आधी पूर्ण बँकेत भरावी. फेरीतल्याच पैशांतून चहापाणी व रिक्षाभाडे भागवले, की पावत्यांची बेरीज आणि बँकेतील जमा जुळत नाहीत, व लेखापरीक्षणात संशय कार्यकर्त्यावर येतो. प्रामाणिक माणसे यामुळेच संस्था सोडून जातात.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत; येथे १९६१ च्या अधिनियमातील रुळलेले क्रमांक दिले आहेत. संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळण्यासाठी १२-एबी, तर देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी ८०-जी नोंदणी लागते. पैकी एकच असून भागत नाही. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांपर्यंतची तात्पुरती नोंदणी मिळते व नंतर नियमित. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला वजावट नाही. वस्तुरूप देणगीवर तर मुळीच नाही. ८०-जी असलेल्या संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत प्रपत्र १०-बीडी, म्हणजे देणग्यांचे विवरण, भरून देणगीदारांना १०-बीई हे देणगीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. उशिराबद्दल दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. पॅनमधील एक अक्षर चुकले तरी देणगीदाराची वजावट अडते, म्हणून पॅन तोंडी न घेता लेखी घ्यावा.

क्यूआर कोडमुळे नवा प्रश्न उभा राहिला आहे. यूपीआयने रक्कम येते, पण देणाऱ्याचे नाव व पत्ता संस्थेच्या दप्तरी नसतो. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी कायद्याने निनावी ठरते. पूर्णतः धार्मिक संस्थांना सूट असली, तरी धर्मादाय संस्थेच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जे अधिक असेल, त्यापलीकडच्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लागतो. कोडशेजारीच नाव, पत्ता व पॅन भरण्याचा अर्ज ठेवणे हा सोपा उपाय. तसेच नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ८०-जीची वजावट मिळत नाही. त्यामुळे ‘कर वाचवा’ या आवाहनाचा जोर कमी झाला असून मागणी कामाच्या आधारेच करावी लागते.

कायम ठेव व तिथी योजना : देणगीदाराने एकरकमी ठेव द्यावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी आप्तांच्या स्मृतिदिनी भोजन द्यावे, ही योजना आश्रमशाळा व वृद्धाश्रमांत सर्रास आढळते. कायमनिधीसाठी देणगीदाराचे तसे लेखी निर्देश हवेत. योजनेत एक मूलभूत दोष आहे. भोजनाचा खर्च ३,००० रुपये व व्याज १२ टक्के असताना २५,००० रुपयांची ठेव पुरत होती. व्याज साडेसहा टक्क्यांवर आले, की तीच ठेव १,६२५ रुपयेच देते. आणि दरम्यान भोजनखर्च दुप्पट झाला असेल तर तूट ४,३७५ रुपयांची. ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे वचन दिलेल्या जुन्या ठेवी संस्थांना आज ओझे झाल्या आहेत. नवी ठेव घेताना मुदत दहा वर्षांची ठेवावी, व्याजाचा काही भाग मुद्दलात घालावा आणि उरलेल्या व्याजातून ‘त्या दिवसाच्या भोजनखर्चास साहाय्य’ असे शब्द वापरावेत. मोठ्या ठेवीबरोबर अटीही येतात. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला (आजचे एसएनडीटी) दिलेल्या १५ लाख रुपयांच्या देणगीतून संस्थेचे नावच बदलले. अशा अटी स्वीकाराव्यात की नाही, हे पैसे येण्याआधी कार्यकारिणीने ठरावाने ठरवलेले बरे.

कंपन्यांचा निधी : कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नक्त नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते. बाहेरच्या संस्थेकडे तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास, १२-एबी (पूर्वीची १२-ए) व ८०-जी नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणीचा क्रमांक असावा लागतो. ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याच्या थेट खर्चाला ती लागू नाही. तरीही ती संस्थेवर लादली जाते आणि लहान संस्था मुकाट्याने मान्य करतात. प्रस्तावात क्षेत्रकार्यकर्त्यांचे पगार, प्रवास व अहवाल हे प्रकल्पखर्चातच दाखवावेत. कोणत्याही एका कंपनीवर निम्म्याहून अधिक अंदाजपत्रक अवलंबून राहू देऊ नये. तीन वर्षांनी करार संपला की नेमलेली माणसे आणि सुरू केलेली सेवा दोन्ही अडचणीत येतात.

परदेशातील देणग्या : विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी वा पूर्वपरवानगी नसताना परदेशी स्रोताकडून रक्कम घेणे गुन्हा आहे. येथे राहण्याचे ठिकाण गौण, नागरिकत्व निर्णायक असते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीय पारपत्रधारकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी अंशदान नव्हे. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगी मात्र विदेशी ठरते, त्याने ती पुण्यातील बँकखात्यातून रुपयांत दिली तरीही. परदेशस्थ देणगीदाराकडून पारपत्राची प्रत घेऊन पावतीसोबत जोडणे म्हणूनच आवश्यक. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच यावी लागते, दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो.