आरशात दिसते ती रुचिकलिका नव्हे

जीभ बाहेर काढून आरशात पाहिली की टोकाकडे बारीक गुलाबी ठिपके दिसतात. बहुतेकांच्या बोलण्यात हेच ठिपके म्हणजे रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणारे पेशींचे गुच्छ (टेस्ट बड). प्रत्यक्षात हे उंचवटे आहेत, त्यांना पॅपिला म्हणतात. रुचिकलिका त्यांच्या पृष्ठथरात दडलेली असते, सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या कांद्यासारखी दिसते आणि तिच्यात साधारण 50 ते 100 पेशी असतात.

बरं, प्रत्येक पॅपिलात रुचिकलिका असतेच असंही नाही. जिभेला खरखरीतपणा देणारे, संख्येने सर्वांत जास्त असलेले धाग्यासारखे पॅपिला चव ओळखतच नाहीत. उलट मऊ टाळूवर पॅपिला नसतात, पण रुचिकलिका असतात. म्हणून या दोन शब्दांची अदलाबदल मला खटकते.

दोन्हींमधला खरा फरक कळतो तो त्या टिकतात कशा, हे पाहिल्यावर. रुचिकलिकेतल्या बऱ्याच पेशी दहाएक दिवसच जगतात, त्यामुळे ती सतत नव्याने घडवावी लागते. त्यासाठी पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात. त्यांतला एक महत्त्वाचा निरोप म्हणजे सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन. रुचिकलिकेच्या तळाशी असलेल्या पेशी ते सोडतात, चवीच्या चेतातंतूंकडूनही ते येतं, आणि भोवतालच्या पेशी त्यानुसार विभागतात, चवीच्या पेशी बनतात.

त्वचेच्या एका कर्करोगावर हाच निरोप अडवणारी औषधं देतात, आणि ती घेणाऱ्या अनेक रुग्णांची चव जाते. कारण शोधण्यासाठी उंदरांना त्यांपैकी सोनिडेगिब दिलं गेलं. दहाव्या दिवशी चवीची चेता अजून प्रतिसाद देत होती. सोळा दिवसांनंतर तो थांबला होता आणि रुचिकलिका जवळपास संपल्या होत्या. धाग्यासारखे पॅपिला मात्र शाबूत राहिले. जिभेला स्पर्श कळत होता, थंडावाही कळत होता. चेतातंतू पॅपिलात जागच्या जागी होते, तरी त्यांना एकट्याने रुचिकलिका वाचवता आली नाही. औषध बंद केल्यावर रुचिकलिका पुन्हा उगवू लागल्या, चवीचा प्रतिसादही परतला.

याची दुसरी बाजू मला त्याहून विलक्षण वाटते. उंदरांच्या जिभेवर भलत्याच जागी, जिथे चवीचे चेतातंतू पोहोचलेले नव्हते, तिथल्या पेशींना हेजहॉग बनवायला लावलं, तर तिथेही रुचिकलिका उगवल्या. एरवी चेता तोडली की रुचिकलिका झडतात, म्हणून चेतेशिवाय त्यांना अस्तित्व नाही असं मानलं जायचं. इथे मात्र निरोप मिळाल्यावर चेतेवाचूनही त्या घडल्या.

पॅपिलाही या निरोपापासून अगदी अलिप्त नाहीत. जिभेच्या पुढच्या भागातले अळंबीसारखे पॅपिला, म्हणजे आरशात दिसणारे तेच ठिपके, औषधामुळे आपला घुमटासारखा आकार गमावून टोकदार होतात.