पेंडीतलं पचतं किती?

हिवाळ्यात पहाटे ब्रॉयलरच्या शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरतात. रात्रभर पडदे खाली, त्यामुळे अमोनिया आतच कोंडलेला. हा अमोनिया येतो शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या सोयापेंडीतून.

कोंबडीला प्रथिनांतून हवी असतात अमिनो आम्लं, तीही ठरावीक प्रमाणात. मका-सोयापेंडीच्या खाद्यात आधी मेथिओनिन कमी पडतं, मग लायसिन आणि थ्रिओनिन. ही उणीव नुसती पेंड वाढवून भरली, तर बाकीची अमिनो आम्लं गरजेपेक्षा जास्त होतात. ती साठवता येत नाहीत. त्यांच्यातला नायट्रोजन यूरिक आम्ल होऊन विष्ठेतून शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर पडतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून पेंड कमी करून ही तीन अमिनो आम्लं वरून देतात. २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव इतके चढले की केंद्राने १२ लाख टन पेंड आयात करू दिली. पेंड वाचवण्याचं मोल तेव्हा पोल्ट्रीवाल्यांना चांगलंच कळलं.

विकरं, म्हणजे एन्झाइम, इथे उपयोगी पडतात. चांगल्या पेंडीतलंही दहा-पंधरा टक्के प्रथिन न पचताच पुढे सरकतं. प्रोटिएज त्याचे तुकडे करतं. फायटेट नावाचं संयुग फॉस्फरस अडकवून ठेवतं, प्रथिनांनाही चिकटतं. फायटेज ते फोडतं. धान्यातले तंतू फोडणाऱ्या झायलॅनेजचा फायदा गव्हाच्या खाद्यात जास्त दिसतो, मक्याच्या कमी.

मला काळजी वाटते ती हिशेबाची. प्रोटिएजने इतकं प्रथिन सोडवलं, फायटेजने इतकं, असं धरून दोघांच्या नावावर पेंड कापली जाते. पण न पचलेला वाटा एकच असतो, तो दोनदा कसा मोजणार? शिवाय विकर आहे ते सोडवतं, नसलेलं लायसिन घडवत नाही. ग्लायसिन या अमिनो आम्लाचंही तसंच. यूरिक आम्लाचा एकेक रेणू बनवताना कोंबडीचा ग्लायसिनचा एक रेणू खर्ची पडतो, त्यामुळे प्रथिन फार उतरवलं की तेच तुटपुंजं ठरतं आणि वाढ खुंटते. त्यात पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, करताना खाद्याला ८० अंशांच्या वर वाफ लागते. वेष्टन नसलेलं विकर तिथेच निकामी होऊ शकतं.

परिणाम बघायला तूस मुठीत घट्ट दाबावं. प्रथिन जास्त झालेली कोंबडी पाणीही जास्त पिते, आणि त्या तुसाचा ओला गोळा होतो. खाद्य बदलल्यावर पुढच्या बॅचला, त्याच वयाच्या पक्ष्यांखालचं, पुन्हा दाबून बघावं.